पगार म्हणून कापलेला कर परत नको असल्याबाबत

प्रति,
मा. आयकर अधिकारी साहेब,
पुणे

अर्जदार : मैना बजरंग दांगट, रा. वारजे
दिनांक : १८ जून २००१

विषय : तडजोडीच्या रकमेवरील कर परत मागणारा अर्ज मागे घेणे व एका कागदाची नक्कल मिळणे.
संदर्भ : आपले पत्र, दि. ४ जून २००१

महोदय,

अर्जदार कोथरूडच्या एका औषध कारखान्यात सतरा वर्षे बाटल्यांना लेबले लावत होती. कामगार होती, असे ती म्हणत नाही. कारण पुढे येईल. १९९२ साली तिला गेटवरच अडवले. ती कोर्टात गेली, तेव्हा कंपनीने शपथेवर सांगितले की ही बाई आमच्याकडे कधी कामाला नव्हतीच. मग ती रोज सकाळी तेथे कशाला येत होती, हे कंपनीने सांगितले नाही.

२. गेल्या वर्षी तडजोड झाली. इंग्रजी कागद कोर्टाच्या व्हरांड्यात सरोजिनीबाईंनी मराठीत समजावून दिला. या बाई अकरा वर्षे अर्जदाराच्या शेजारच्या स्टुलावर बसत; पुढे कंपनीच्या ऑफिसात गेल्या. त्यांच्या बाळंतपणात त्यांच्या वाटणीची लेबलेही अर्जदाराने लावली आहेत. "मैना, मी आहे ना, कर सही," असे त्या म्हणाल्या. आपण कंपनीचे कामगार होतो असे यापुढे कोठेही म्हणायचे नाही, हे कलम तेवढे त्यांनी सांगितले नाही. अर्जदाराला याचे फार वाईट वाटले व अजून वाटते.

३. मिळालेल्या दीड लाखांतून कंपनीने कर कापला. कामगारच नव्हते तर पगारावरचा कर कसला, असे अर्जदाराने आपणांस विचारले. त्यावर आपण कंपनीने दिलेल्या फॉर्म सोळाची प्रत पाठवलीत. त्यात नोकर म्हणून अर्जदाराचे नाव आहे आणि रकमेपुढे 'पगाराची थकबाकी' असे आहे. पगार म्हटले की कंपनीला तो खर्च दाखवून स्वतःचा कर वाचवता येतो, असे वकील सांगतात. खाली सही सरोजिनीबाईंची आहे.

४. सबब कर परत नको, तो सरकारने खुशाल ठेवावा. त्या फॉर्मची आपल्या सहीशिक्क्याची नक्कल तेवढी मिळावी. अर्जदाराला बोलायची बंदी आहे, सरकारला नाही.

५. नकला दोन द्याव्यात. एक अर्जदार घरी ठेवील. दुसरी ती स्वतः सरोजिनीबाईंच्या हातात नेऊन देणार आहे. ती त्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

आपली नम्र,
(सही) मैना बजरंग दांगट

सोबत : तडजोडीचा कागद, नकलांच्या फीची पावती.