चार बाटल्या आणि बाबांचं नाक

३ तारीख
सर्दी आम्हा दोघांना झाली. माझी नुसती गेली. बाबांची जाताना वास घेऊन गेली. बाबा बेकरीत भट्टीवर असतात. ब्रेड झाला की नाही ते नाकाने ठरवतात. मालकांना सांगितलेलं नाही. रजा सतरापर्यंत.
पुस्तकात वाचलं: वास जवळच्या वाटेने आठवणींपर्यंत पोचतो, सरावाने नाक पुन्हा शिकतं. घरात कॉलेज पाहिलेली मी एकटीच. म्हणजे जबाबदारी माझी.

४ तारीख, सकाळी ७
लवंग, लिंबू, कॉफी, निलगिरी. बाबांच्या डोळ्यांवर टॉवेल. खात्रीसाठी आधी मी हुंगते. कुठल्याही बाटलीवर अन्याय नको, म्हणून क्रम रोज हाच.
बाबा ०, मी ४.
वास आठवणींपर्यंत कसा जातो ते समजावलं. बाबा म्हणाले, मग वाटेत कुणीतरी खणून ठेवलंय.

६ तारीख
काल सराव नाही. वही आखण्यात दिवस गेला. आखणी महत्त्वाची.

९ तारीख
बाबा ३! लवंगेने दाढदुखी आठवते का, विचारलं. म्हणाले, तू म्हणतेस तर आठवते.

१३ तारीख
बाबा ४, मी ४. संध्याकाळी आई म्हणाली, बाटल्या कालच विसळून पाणी भरून ठेवल्यात, बुरशी आली होती. दोघं एका माळेचे मणी, असंही म्हणाली.
वास काचेत राहत असणार. पुस्तकात सापडेल.

१८ तारीख, दुपारी
बाबा भट्टीपुढे, मी शेजारी वही घेऊन. बाबांनी हळूच विचारलं, येतोय का गं? मी नीट हुंगलं. म्हटलं, छान येतोय, पण अजून थोडं राहू द्या. तसं लिहिलंही. तेवढ्यात मालक रस्त्यापलीकडून नाक धरून धावत आले.
चार ट्रे. कोळसा.

१९ तारीख
बाबा महिनाभर काउंटरवर. नाक आलं तर भट्टी, नाहीतर नवा माणूस.
बाबांनी कबूल केलं, वास कधी आलाच नव्हता. क्रम पाठ केला होता. तुझा हिरमोड करवेना, म्हणाले. मग वही मागितली आणि टॉवेल माझ्या डोळ्यांवर बांधला. बाटल्या आईने ताज्या भरल्या. क्रम बाबांनी बदलला.
मी ०.
अक्षर बाबांचं. फार लिहायची सवय नाही, पण शून्य चांगलं गोल आलंय.