भट्टी कुणाच्या शब्दाने पेटावी

सगळं ठीकच होईल, मी उठेन आणि परत भट्टीवर जाईन. पण तसं झालं नाही, तर पुढे लिहिलं आहे ते माझं अखेरचं म्हणणं समजावं.

मी, डेक्सिथिओस, केफिसियस कुंभाराचा मुलगा, अथेन्सचा नागरिक, वय चौसष्ट, राहणार कुंभारवाडा, वेशीच्या आतलं दुसरं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कफ छातीत आहे, डोक्यात नाही. म्हातारा चळला असं ज्याला वाटतं त्याने समोर येऊन म्हणावं.

एक. मला मुलगा नाही. एकच मुलगी, अर्खिप्पी. आपल्या कायद्याने मुलगी मालक होत नाही. जो तिच्याशी लग्न करील त्याच्याकडे बापाचं घरदार जातं. आणि बाप काही ठरवून न ठेवता मेला, तर तिच्याशी लग्न करण्याचा पहिला हक्क तिच्या काकाचा. काका म्हणजे माझा धाकटा भाऊ फिलाग्रोस. त्याला माझी मुलगी मिळू नये आणि भट्टीही मिळू नये. हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

दोन. कारण लिहून ठेवतो. बारा वर्षांपूर्वी मी तापाने पडलो असताना फिलाग्रोसने तेलाचे दोनशे घडे घडवले. माप अगदी नगराच्या मापाबरहुकूम, पण ओल्या मातीचं! कुंभाराच्या पोटी जन्मून याला एवढं ठाऊक नाही की माती भट्टीत आखडते. बंदरावर अधिकाऱ्यांनी मोजून बघितलं, माप कमी भरलं आणि माझ्या खुणेचे सगळे घडे धक्क्यावरच फोडले. विचारलं तर म्हणतो, "दादा, मी तर मापूनच केले होते!" एकेकाळी सगळ्या समुद्रावर कोरिंथची भांडी चालायची. आमच्या पूर्वजांनी ती बाजारातून उठवली, आणि याने एका दुपारी आमचं नाव घालवलं. ते परत मिळवायला मला नऊ वर्षं लागली.

गेल्या महिन्यात माझा खोकला ऐकून तो आला. खाटेशी बसण्याआधी अंगणात जाऊन भट्टीची जागा पावलांनी मोजली.

"दादा, ही जागा रंगाऱ्याला देऊन टाकू. पोरीचं मी बघतो. घरचीच आहे."

"आणि चौदा वर्षं नांदतेय ती तुझी बायको?"

"जाईल की माहेरी."

लाज कशी ती नाहीच!

तीन. शेजारच्या भट्टीवरचा स्मिक्रियास, नागरिकाचा मुलगा, याला मी दत्तक घेतो आणि अर्खिप्पी त्याला देतो; दत्तकाला घरची मुलगी देणं आपल्या कायद्यात बसतं. घर, तीन चाकं, मातीचा हौद आणि भट्टी त्याच्याकडे जावी, पुढे त्या दोघांच्या मुलांकडे. तो बोलताना अडखळतो आणि एक पाय ओढतो, हे मला दिसतं, कुणी दाखवायला येऊ नये. अट एकच. भट्टी कधी पेटवायची आणि आत धूर कोंडायला तिची भोकं कधी लिंपायची, हे अर्खिप्पी सांगेल. दहा वर्षांची असल्यापासून ती ज्वाळेचा रंग बघून सांगते, "बाबा, आता!" आणि भांड्यांवर काळा रंग लखलखीत येतो. क्षणभर उशीर झाला की सगळं तांबडं. ही अट ऐकून स्मिक्रियास म्हणाला, "भ... भट्टी तिचीच आहे. मी ल... लाकडं घालीन." मला तेवढं पुरे.

चार. माझा गुलाम, थ्रेसचा मानिस, तीस वर्षं माझी माती तुडवतो आहे. मी गेलो की तो मोकळा. माझी घोंगडी त्याने घ्यावी.

पाच. फिलाग्रोसला त्या दोनशेपैकी एक फुटका घडा देतो. जपून ठेवला आहे.

सहा. बाईच्या सांगण्यावरून केलेलं मृत्युपत्र कायद्याने रद्द होतं. फिलाग्रोस न्यायालयात हेच ओरडणार, की पोरीने बापाला शिकवलं. म्हणून पाच दिवसांपूर्वी मी अर्खिप्पीला तिच्या मावशीकडे धाडलं आणि दोन शेजाऱ्यांना दाराशी बसवलं. तेव्हापासून कुणाही बाईने उंबरा ओलांडलेला नाही. पाणीसुद्धा मानिस पाजतो. मी जाईपर्यंत हे असंच चालेल, नाहीतर मागाहून तिने बदलून घेतलं म्हणतील.

इथवर लिहिलं आणि अर्खिप्पी अंगणात आली आहे. "बाबा, एकदा बघू द्या. मी एक अक्षर बोलणार नाही." दार वाजवते आहे. माझी पोर ती, मला तिला बघायचं आहे. मी दार उघडू दिलेलं नाही. साक्षीदारांनी आपापल्या नावापुढे तेवढं लिहावं.

अथेन्स, कुंभारवाडा. थार्गेलियोन महिना, बारावा दिवस.
डेक्सिथिओस, स्वतःच्या हाताने आणि शिक्क्याने.

साक्षीदार:
एपिगेनिस, शेजारी, चामड्याचा व्यापारी. मुलगी बाहेर होती. दार उघडलं नाही.
लिसानियस, शेजारी. मीही पाहिलं. उघड रे बाबा, असं मी तीनदा म्हणालो. त्याने ऐकलं नाही.