सांभाळून घेतलेली सम

रविवार, ४ मे

गाण्याच्या शिबिराला आले आणि पहिल्याच दिवशी गाणं बाजूला! शिबिर घेणाऱ्या मालनताईंनी विचारलं, "पेटी कोणाला येते?" मी हात वर केला. गाढवपणा. आता दोन आठवडे रोज दुपारी तबल्याच्या मुलांना लेहरा धरायचा. म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ, परत परत, तासभर. मुलं तिच्यावर काय हवं ते वाजवणार आणि ओळ फिरून पहिल्या मात्रेवर आली की तिथे तिला गाठणार. ती सम. मी मात्र जागची हलायची नाही.

फोन ताईंच्या कपाटात, कुलपात. घोडबंदर रोड इथून दहा मिनिटांवर, पण एकाही गाडीचा आवाज येत नाही. का? मध्ये टेकडी आहे म्हणून? आवाज टेकडी चढत नाही का?

सोमवार, ५ मे

साडेपाचला उठवतात. तोंड धुतलं की लगेच सा लावून बसायचं. बत्तीस जण, निम्मे झोपेत. माझ्या खोलीतली रोवेना चर्चच्या क्वायरमध्ये गाते, हे सगळं तिला नवीन. नाश्त्याला म्हणाली, "प्राची, तुमच्यात प्रत्येकाचा सा वेगळा? मग भांडणं नाही होत?" मी म्हटलं, होतात. पण मग विचार करत बसले. पहिला सा ठरवला कोणी?

मंगळवार, ६ मे

लेहरा धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही, हे आज कळलं. त्यामुळे मला सगळ्यांकडे खुशाल बघता येतं! उत्तनचा ज्यूड पायाच्या अंगठ्याने मात्रा मोजतो. एक मुलगी सम जवळ आली की श्वास धरते. एकाची जीभ बाहेर येते, आणि वाजवणं संपलं की आत जाते. त्याला माहीत असेल?

गुरुवार, ८ मे

कोनगावचा सूरज. क्लासला कधी गेलेलाच नाही. त्याचे आबा भजनाला वाजवतात, त्यांनीच शिकवलं. बोलतो कमी. पण हात काय आहे! बोल इतके स्वच्छ पडतात की माझी बोटं पेटीवर थांबायला बघतात.

एकच तुकडा चुकतो बिचाऱ्याचा. आबांचा आहे म्हणे. छान उठतो, छान वळतो आणि शेवट फसतो. सम होऊन गेल्यावर अर्ध्या मात्रेने पडतो. दुसऱ्यांदा वाजवला तेव्हा मी लेहऱ्याच्या शेवटच्या चार मात्रा हळूच लांबवल्या. चोरून, थोड्या थोड्या. दोघं बरोब्बर समेवर! सूरजने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आभार मानायचे असतील, लाजला.

नंतर त्याला खूप काही विचारलं. तबल्यावरची काळी शाई कशाची असते, आबांना कोणी शिकवलं, कोनगावात आगरी लग्नात काय वाजवतात. सगळ्याची उत्तरं एका एका शब्दात.

शनिवार, १० मे

ताईंनी जाहीर केलं, सतराला डोंबिवलीचे धोंडीबा मास्तर येणार. दर वर्षी ते या शिबिरातून एकच मूल निवडतात आणि वर्षभर घरी ठेवून शिकवतात. सूरज एकदम ताठ बसला. जेवताना स्वतःहून बोलला, पहिल्यांदाच. "नाय घेतला तर पप्पा मना जूनपासून काकाच्या गॅरेजात बसवतील. तबला बंद." मग ताटात बघत राहिला.

त्याचा तो तुकडा सांभाळायलाच हवा.

रविवार, ११ मे

आमरस. रोवेनाने पाच वाट्या.

मंगळवार, १३ मे

हे काय होतंय? सूरज रोज आणखी उशिरा येतोय. आज जवळजवळ पूर्ण मात्रा. मला आठव्या मात्रेपासूनच लांबवायला लागावं लागलं. दुपारी एकटा पायरीवर बसून तोच तुकडा मांडीवर वाजवत होता. मी जवळून गेले, पण बोलले नाही. सांगितलं तर घाबरेल आणि जे येतंय तेही विसरेल.

रोवेनाला मात्र ऐकू आलं. "तू मध्ये स्लो करतेस ना?"

"चूप. त्याला बोलू नको."

"हे चालतं?"

"चुकलेल्याला पेटी सांभाळून घेते. असंच असतं आमच्यात."

"नाइस," म्हणाली. मलाही नाइसच वाटलं.

शनिवार, १७ मे

मास्तर आले. धोतर, जाड चष्मा, एक शब्द नाही. डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजत ऐकतात. सूरजने सुंदर वाजवलं. शेवटी आबांचा तुकडा. मी जीव मुठीत धरून लेहरा ओढला आणि समेवर दोघं एकत्र. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर म्हणाले, "हात गोड आहे. पण समेजवळ ढिला पडतो. लय अंगात नाही. पेटीवालीने सांभाळून घेतलं म्हणून निभावलं."

ज्यूडला निवडलं.

सूरजकडे बघवेना. खूप वाईट वाटतंय. आणि खोटं कशाला लिहू, "पेटीवालीने सांभाळून घेतलं" हे दिवसभर मनात परत परत म्हणतेय.

रविवार, १८ मे

सामान बांधून सगळे गेटवर. सूरजच्या शेजारी बसले, म्हटलं, तू मस्त वाजवलंस. तर म्हणाला, "आबांचा तुकडा समेवर येतच नाय. सम जाऊ द्यायची, मग अर्ध्या मात्रेनं पडायचं. तीच त्याची मजा. घरी बरोबर पडायचा. हितं एकदाच तसा पडला, मग रोज समेवरच. मना वाटलं, मीच घाई करतोय. म्हणून रोज जरा थांबून वाजवला. तरी समेवरच. मास्तर बोलले ते खरं, मना लय नाय."

पाणी आणते म्हणून उठले.

मालनताईंच्या दाराबाहेर बसून हे लिहितेय. त्या आंघोळीला गेल्यात. मास्तरांचा नंबर त्यांच्याकडे आहे. 'लय सूरजची नाही, माझी ढळली' हे वाक्य पाच वेळा पुटपुटून झालं.

नाही. ताई नंतर. आधी सूरजला.