मेलेल्या नायकाला वन्स मोअर

प्रिय मथियास,

कुरिअरवाल्यानं तुझं पार्सल दोनदा परत नेलं. आधार कार्डावरची बाई मी नव्हेच, असं त्याचं ठाम मत. त्याचं बरोबर आहे. ती बाई तुझ्या वेळची.

आत तुझ्या ऑपेराचं रेकॉर्डिंग होतं, आणि तू मार्चमध्ये गेल्याची तुझ्या बहिणीची चिठ्ठी.

जन्मभर जर्मनीत दुसऱ्यांच्या ऑपेरांच्या संहिता सुधारल्यास, टाळ्या गायकांना. तू सांगलीत आलास तेव्हा आपण संगीत नाटक बघितलं. वन्स मोअर मिळाला, तसा मेलेला नायक उठून पुन्हा गायला. "आमच्याकडं मेलेला उठत नाही," तू म्हणालास. "माझा स्वतःचा ऑपेरा होईल तेव्हा वन्स मोअर तू द्यायचा."

मी हो म्हणाले. ऑपेरा लागला तेव्हा तू विमानाचं तिकीट धाडलंस, मी वडिलांचं आजारपण कळवलं. वडील तेव्हा पलूसच्या द्राक्षबागेत ठणठणीत होते. आपल्या साप्ताहिकात सगळ्या जिल्ह्याची टिंगल छापणारी मी, परक्या पुरुषाकडं गेले तर काय म्हणतील म्हणून चार नातेवाइकांना भ्याले.

आज दुपारी ऐकलं. शेवटचं गाणं गात नायक मेला, लोकांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. मी उठून ओरडले, "वन्स मोअर."

घासायची भांडी टाकून बनुबाई बाहेर आल्या. "आवं ताई, कुणाला वरडताय? घरात कोण न्हाई."

"नाही खरं," मी म्हणाले, आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं.

उशिरा पोचलेली तुझी प्रेक्षक,
गुणमाला