कन्नड चॅनेल आणि माझं व्हय

मंगळवार, संध्याकाळ

डिश बसवायला आलेला पोरगा म्हणला होता, "ताई, कन्नड चॅनेल कायम राहतील, माझा शब्द हाय." आईनं त्याला चहा पाजला. आन् आज सगळी कन्नड चॅनेल बंद! आई अक्कलकोटकडची. तिला मराठी येतंय, पण हसायला कन्नडच लागतंय.

कंपनीला फोन लावला. बाई म्हणली, "मॅडम, गेल्या सोमवारी तुम्हीच नवीन पॅकला हो म्हणालात. रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे."

म्हणले असेन की! शाळा सोडल्यापासून अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणलं की मला नको होतंय. फोन लवकर संपावा म्हणून मी सगळ्यालाच व्हय म्हणते.

कसंबसं त्या पोराच्या शब्दाचं सांगितलं. तर म्हणती, "लेखी आहे का काही?"

म्हंजे माझं व्हय पक्कं, आन् त्याचा शब्द वाऱ्यावर? माझं व्हय तरी कुटं लेखी हाय? हे तितंच विचारायचं होतं. सुचलं फोन ठेवल्यावर.

आई म्हणली, "होगली बिडू, जाऊ दे." आन् बंद टीव्हीकडं तोंड करून शेंगा फोडत बसली. मला लई लागलं.

परत फोन लावला. "हा पॅक नको, आमचे जुने चॅनेल द्या," एका दमात बोलले.

बाई म्हणली, "तक्रार घेतली मॅडम, दोन दिवसांत होईल."

मी म्हणलं, "हे लेखी देता का?"

तिनं फोन कट केला.