नानांच्या मुठीतला दाणा

मंगळवार संध्याकाळ, देवळा

अजून हसू येतंय. आणि लाजही वाटतेय. सासऱ्यांवर कुणी असं ओरडतं का? तेही ट्रॅक्टरवाल्यासमोर!

पण काय करणार? नानांची जन्माची सवय. पेरणीआधी मक्याचा एक दाणा दाताखाली फोडायचा, त्याच्या आवाजावरून बी नीट वाळलंय का ते ओळखायचं आणि मगच 'चालू द्या' म्हणायचं. त्याशिवाय आमच्या शेतात पेरणी सुरूच होत नाही. यंदा अळीच्या धास्तीने मी हट्टाने घरच्या बियाण्याला कीटकनाशक लावलं. हातमोजे घालून नीट चोळलं, सगळं बी लालभडक झालं. नानांना बजावायचं तेवढं राहिलं.

आज बांधावर बघते, तर त्यांची मूठ तोंडाकडे चाललेली.

"नाना, टाका ते! विष आहे!"

केवढ्यानं ओरडले मी! लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता.

नाना थांबले. मूठ उघडली. आत पिवळेधमक दाणे.

"काल तू औषध लावायच्या आधीच काढून ठेवले व्हते. मला काय कळत नाय का, पोरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र पोट धरून हसले आणि त्यातला एक दाणा माझ्या हातावर ठेवला.

"यंदा बियाणं तू तयार केलं. आता तूच सांग."

मी? तो दाणा आजवर नानांशिवाय कुणी फोडला नव्हता. मी फोडला. कट्ट!

"चालू द्या," म्हटलं, आणि ट्रॅक्टर खरंच सुरू झाला.