कोंबडीने प्यायलेलं पाणी

होनोलुलू, रविवार

आई, दुरूनच तुझा हात नाकाला लावून नमस्कार करते.

मी मजेत आहे. भात पोटभर मिळतो. धाकट्या किकोचं मासेमारीचं जाळं दुरुस्त झालं का?

प्रयोगशाळेत मी आपल्या गुआम बेटावरचं फदांगच्या झाडाचं बी तपासतेय. विष उतरावं म्हणून तुझ्यासारखंच सात पाण्यांत भिजवलं. तू म्हणायचीस, "शेवटचं पाणी कोंबडी प्यायली नि मेली नाही ना? मग खा मुकाट्यानं!"

इथे कोंबडी नाही, बशीत मेंदूच्या जिवंत पेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप देत असतात, ते यंत्रावर दिसतं. सातवं पाणी घातलं, तर काहीच झालं नाही. मी हसलेसुद्धा. बाराव्या दिवशी मात्र सगळ्यांनी एकदम कलकलाट केला आणि मग एकेक करून त्या गप्प झाल्या.

कोंबडीला आपण एवढा वेळ कधी दिलाच नाही गं. दुसऱ्याच दिवशी कापायचो.

घाबरू नकोस, बशी म्हणजे माणूस नव्हे. पण फदांगचं उरलेलं पीठ पुरून टाक. भाकरी मक्याचीच कर.

एक विचारायचं राहिलं. निघताना तुझा हात नाकाला लावला, तेव्हा तो थरथरत होता. मी जातेय म्हणूनच ना?

तुझीच,
रेमेदियोस